मास्तरांचा आकडा

अत्तार मास्तर कुणालाही "जेवलासा का?" असं विचारत नसत. आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे नमस्काराचाच एक प्रकार. रस्त्यात भेटलेला माणूस, दारात आलेली भाजीवाली, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी म्हातारी, सगळे विचारतात आणि उत्तराशी कुणाला देणंघेणं नसतं. मास्तर गुडघ्याचं विचारत, पावसापाण्याचं विचारत, शेळी व्याली का तेही विचारत. जेवणाचं कधी नाही. मी साताऱ्याहून बदलून कडेगावच्या शाळेत आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला लागले, तेव्हा मला वाटलं, माणूस जरा कोरडाच आहे. त्या न विचारण्यामागे काय होतं ते पुढं त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी सांगितलं.

मास्तर म्हणजे तारमास्तर. साताऱ्याच्या तार ऑफिसात 'कट्ट-कडकट्ट' शिकले आणि कडेगावच्या पोस्टात त्या यंत्रापुढं बसून म्हातारे झाले. उंच, वाळके, कानांत केसांचे झुपके, आणि उजव्या हाताचं मधलं बोट सदानकदा कशावर तरी वाजत असलेलं. चहाच्या कपावर, खुर्चीच्या हातावर, मशिदीच्या पायरीवर. बोलणंही तारेसारखं, शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखं. मुलाची चौकशी केली की म्हणत, "मुलगा मस्कत. पत्र न्हाई. बरा असंल." संपलं. घरात त्यांचं आपसात दखनीत चालायचं, आमच्यासमोर मात्र मराठी. भाभी वैतागून म्हणायच्या, "आवं, बायकोसंगं तरी शब्द मोजू नगासा. हितं काय तिकीट लावायचं हाय?"

इंग्रजीचा त्यांना भारी तोरा. मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हटल्यावर एकदा मला म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी पुस्तकाचं. माझं तारेचं. तुमचं ते 'अ' आन् 'द' आमी कवाच काढून टाकलं. कुणाचं काय अडलं न्हाई." याचा मला पुढं बरेच दिवस राग होता.

त्या प्रश्नाची गोष्ट अशी. आमच्याकडे पूर्वी तार म्हणजे मरण. निम्मं गाव फौजेत, उरलेलं मुंबईच्या गिरण्यांत. दारात तारवाला दिसला की कागद उघडायच्या आत बायका ऊर बडवायला लागत. एकदा रडणं सुरू झालं की त्या घरात चूल पेटत नाही, मग पोरं उपाशी, म्हातारी उपाशी, अंगावर पाजणारी बाईही उपाशी. मास्तरांना हे बघवेना. म्हणून मरणाची तार ते शिपायाच्या हाती देत नसत, स्वतः घेऊन जात. उंबऱ्याशी चपला काढून आधी विचारत, "जेवलासा का?" हो म्हणाले तर तार देत. नाही म्हणाले तर "जेवून घ्या, येतो परत" म्हणून चावडीच्या कट्ट्यावर जाऊन बसत.

गाव काही दुधखुळं नव्हतं. मास्तर दारात येऊन जेवणाचं विचारतात त्याचा अर्थ काय, हे लवकरच सगळ्यांना कळलं. एका म्हाताऱ्यानं तर सरळ सांगितलं, "न्हाई जेवलो, आन् आता जेवणार बी न्हाई. कोण गेलं तेवढं सांगा." पुढं पुढं मास्तर न विचारताच नुसते दारातून डोकावून बघायला लागले. ताटं झालेली दिसली तर आत, नाहीतर कट्ट्यावर.

आणि अशातच आप्पा शिंद्याची तार आली. आप्पाची आई मुंबईला थोरल्या मुलाकडे असायची. तारेत लिहिलेलं, 'आई सीरियस, ताबडतोब निघा.' आता आपल्या लोकांची रीत अशी, की माणूस गेला तरी तारेत 'गेला' लिहायचं नाही. येणाऱ्याला वाटेत धीर राहावा म्हणून 'सीरियस' लिहायचं. सीरियस म्हणजे गेला, हे पाठवणाऱ्यालाही माहीत आणि उतरवून घेणाऱ्यालाही. मास्तरांनी तार वाचली, आयुष्यभराच्या सवयीनं तिचा अर्थ लावला आणि आप्पाच्या दारात गेले. चुलीवर तवा होता, भाकरी भाजायची चालली होती. मास्तर गुपचूप मागे फिरले. आप्पा पोटभर जेवला, मग त्याला तार मिळाली, आणि तोवर मुंबईची एसटी निघून गेली होती.

त्या तारेत सीरियस म्हणजे सीरियसच होतं. आई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिवंत होती आणि आप्पा आला का, आप्पा आला का, असं विचारत होती. तो पोचला तेव्हा तिला खाली घेतलेलं होतं. दिवस झाल्यावर आप्पा पोस्टात आला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. जाळीपाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमच्या हातात कवा आली ओ तार?"

मास्तरांनी खरी वेळ सांगितली. आप्पा मान हलवून निघून गेला. त्यानंतर मास्तरांनी एकही तार घटकाभरसुद्धा थांबवली नाही, आणि 'जेवलासा का' हे शब्द कायमचे टाकले. स्वतःच्या मुलाच्या लग्नात पंगतीतून हात जोडून मुक्यानं फिरले. "पोटभर जेवा" म्हणायला मागून भाभी. कुणीतरी थट्टा केली, "मास्तर, आमाला बी इचारा की." मास्तर म्हणाले, "तुझ्या घरचं समदं हितंच बसल्यात. कुणाचं इचारू?" त्या पंगतीत पुन्हा कुणी हसलं नाही.

"तार वाचायची," ते म्हणत. "अर्थ लावायचा न्हाई. अर्थ ज्याचा त्याचा."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भाभींची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला मिरजेला न्यावं लागे. एसटीचे धक्के त्यांना सोसेनात, भाड्याची जीप वेळेला मिळेना. तेव्हा मस्कतच्या मुलानं सुट्टीवर आल्यावर पुण्याच्या एका मित्राकडून त्याची गाडी घेऊन दिली. नव्वदीच्या शेवटी ज्या नव्या तऱ्हेच्या गाड्या आल्या, कार्बोरेटर नसलेल्या, पोटात संगणक असलेल्या, त्यातली ती. जपानी बनावटीची, पांढरी. आमच्या गल्लीत ती पावण्यासारखी अवघडून उभी असे. मुलगा परत गेला. बायको नसीम आणि तान्हं बाळ इथंच राहिलं. आणि मास्तर साठी उलटल्यावर गाडी शिकले. हॉर्न कधी वाजवत नसत. म्हणत, "हॉर्न म्हंजे जादा शब्द."

एके दिवशी तासगावच्या अलीकडे स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. गाडी चालताना ठीक, पण थांबली की थरथरून बंद पडायची. त्या दिवशी माधवनगरचं रेल्वे फाटक लागलं होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि ह्यांची गाडी चालूच होईना. मागून ट्रकवाले बोंबलायला लागले, चारजणांनी ढकलून बाजूला घेतली. मिरजेत पोचेपर्यंत भाभींचं मशीन दुसऱ्या कुणाला लागलेलं. तशाच माघारी आल्या. दोन दिवसांत त्यांचे पाय असे सुजले की चप्पल चढेना, आणि उताणं झोपलं की श्वास लागायचा. त्या दिव्याचं काय ते लवकर कळलं नाही तर भाभी जगत नाहीत, इतकी साधी गोष्ट होती.

शिवा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. "मास्तर, ह्यात आमचं काय चालत न्हाई. दिवा डोळ्यात खुपतोय तर बल्ब काढून टाकू. लय जण काढत्यात."

"शिवा," मास्तर म्हणाले, "तार फाडली म्हणून मेलेलं जित्तं होत न्हाई."

कोल्हापूरच्या मोठ्या वर्कशॉपनं गाडी आठवडाभर ठेवून जायला सांगितलं. तेवढा वेळ भाभींपाशी नव्हता. पण तिथं कामाला असलेल्या एका नातेवाइकानं मास्तरांना गुपचूप युक्ती सांगितली. डाव्या सीटच्या पायाशी, डॅशबोर्डाच्या खाली दोन भोकांचा एक छोटा प्लग असतो. ती दोन भोकं तारेनं जोडायची आणि चावी अर्धी फिरवायची. मग तो पिवळा दिवा लुकलुकतो. लुकलुकण्यात एक आकडा असतो, आणि कुठला आकडा म्हणजे कुठं दुखतंय, त्याचा एक झेरॉक्स कागद त्यानं दिला. मास्तरांचे डोळे त्या दिवशी कसे चमकले, ते मी कुंपणावरून पाहिलं. जन्मभर ज्याची भाषा ऐकली ते यंत्र पोस्टातून काढून टाकलं होतं, आणि आता घरच्या अंगणात दुसरं कुणीतरी त्याच भाषेत बोलणार होतं.

भाभी सीटवर बसलेल्या. त्यांना उठवून बाजूला करणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, म्हणून मास्तर खाली त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसले. तार सापडेना. तेव्हा भाभींनी डोक्यावरचा पदर ज्यानं बसवला होता तो केसांचा आकडा काढून दिला. "घ्या. जन्मभर कवा पाय धरलं न्हाई, आता धरा."

आकडा लावून आकडा काढायचा, असं ते. मास्तरांनी तो वाकवून दोन भोकांत बसवला, चावी फिरवली. दिवा एकदा लांब पेटला, मग चारदा चटाचटा. थांबला. पुन्हा एक लांब, चार आखूड. मास्तर दिव्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांचं मधलं बोट डॅशबोर्डावर तेच वाजवत होतं आणि ते कान देऊन बोटाचं ऐकत होते.

"सहा," ते म्हणाले. "स्वच्छ सहा."

कागदावर सहाला इंजिनाच्या पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर होता. कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं नवा आला. मास्तरांनी स्वतः बसवला, बॅटरीची तार काढून पुन्हा लावली, आणि दिवा गेला.

गावात मात्र भलतंच पसरलं. अत्तार मास्तरांना गाडीतून आकडा येतो म्हटल्यावर मटक्याचे शौकीन सकाळी सकाळी कुंपणाशी उभे. एकजण तर मला म्हणाला, "बाई, तुमी शेजारी. आज काय आला तेवढं सांगा की." मी सांगितलं, सहा. तो लावला आणि फसला म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. भाभी इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. त्यांचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

कारण दिवा परत आला. पुन्हा माधवनगरच्या फाटकात गाडी मेली, पुन्हा मशीन हुकलं, आणि या वेळी भाभींना तिथंच दोन रात्री ठेवून घेतलं. परत आणलं तेव्हा चेहरा मातीसारखा झालेला. मास्तरांनी आकडा लावला. एक लांब, चार आखूड. पुन्हा सहा.

"नवा सेन्सर हाय. मग सहा कसं?" ते स्वतःशीच म्हणाले.

भाभी डोळे मिटून सीटला टेकलेल्या. हळूच म्हणाल्या, "ते तुमच्या टपालखात्याचं सहा झालं. ह्या गाडीच्या घरात सहाला काय म्हणत्यात, इचारलं का तिला?"

मास्तर उठले, बॉनेट उघडलं आणि नव्या सेन्सरची वायर मुद्दाम काढली. थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलं, परत पायाशी येऊन आकडा लावला. आता दिव्यानं आधी ते एक लांब, चार आखूड दिलं, आणि मग सहा आखूड. नुसते सहा, एकसारखे.

सेन्सरची तक्रार ही होती. म्हणजे या गाडीच्या भाषेत सहा म्हणजे सहा आखूड. मग लांब पेटणं काय? मास्तर झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले. कागदाचा वरचा भाग छापताना कापला गेला होता. अर्ध्या तुटलेल्या ओळीत दोन शब्द लागत होते, 'लांब' आणि 'दहा'. लांब म्हणजे दहा. दहा आणि चार, चौदा. चौदाला कागदावर होतं, गाडी उभी असताना इंजिनात हवा सोडणारा व्हॉल्व्ह. थांबल्यावर गाडी का मरते ते सगळं तिथं लिहिलेलं होतं, पहिल्या दिवसापासून.

तारेच्या लिपीत एक लांब आणि चार आखूड म्हणजे सहा. जगात फक्त तारमास्तरच ही चूक करू शकला असता. दुसऱ्या कुणीही वेड्यासारखं कोल्हापूरला फोन करून विचारलं असतं, की लांब म्हणजे काय.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. मास्तर म्हणाले, "दुसऱ्यांदा, बाई." बोट थांबलेलं. "पयल्यांदा आप्पाची आई. आता ही. तार बराबर येती. माझ्यापाशी आल्यावर चुकती." मला त्यांची फार दया आली, आणि दया आल्याचं त्यांना दिसू नये म्हणून मी कागद नीट घडी करत राहिले.

व्हॉल्व्ह त्यांनी काढला, काजळी पेट्रोलनं धुतली, गंजलेला प्लग घासून बसवला. गाडी उभ्या जागी मांजरासारखी गुरगुरायला लागली. दिवा विझला तो विझला. तरीही मिरजेला निघायच्या आधी मास्तर दरवेळी भाभींच्या पायाशी बसत, आकडा लावून बघत. तक्रार नसली की दिवा नुसता जळत राही, लुकलुकत नसे. मग आकडा काढून भाभींच्या हातात देत.

"तिला रोज इचारता," भाभी एकदा म्हणाल्या, "मला कोण इचारणार?"

"तुझा प्लग कुटं हाय?"

भाभींनी दंडाखालचा सुया टोचून काळा पडलेला हात पुढं केला. "हितं. मिरजवालं लावत्यात की. पर त्येंनी काय वाचलं, ते सांगत न्हाईत."

गाडी दुरुस्त झाली होती. मध्ये हुकलेल्या त्या दोन खेपा मात्र भाभींच्या अंगातून निघाल्या नाहीत.

तो रविवार होता. दुपारी माझा कुकर गॅसवर होता. गल्लीत गाडीचा आवाज आला आणि दाराशी थांबला, पण बंद झाला नाही. मी खिडकीतून बघितलं. भाभी डाव्या सीटवर मान कलती करून बसलेल्या, पदर खांद्यावर घसरलेला. मास्तर उतरले आणि स्वतःच्या घराकडे न जाता माझ्या दारात आले. उंबऱ्याशी चपला काढल्या.

"बाई," ते म्हणाले, "जेवलासा का?"

मी जेवले नव्हते. "जेवले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मिरजेहून येताना माधवनगरच्या फाटकात थांबलो. गाडी बंद न्हाई पडली. म्हनलं, बघ, चालू ऱ्हायली. ही बोलली न्हाई. हात धरला. बोटाला काय आलं न्हाई. माघारी न्हेऊन काय वाचणार हुतो? घरी आणली."

मी दाराची कडी धरली.

"नसीम जेवली का बघा. पोर अंगावर पितंय. एकदा कळलं की दोन दिवस तोंडात घास घालायची न्हाई. तेवढं जेवू घाला. मग मी सांगतो."

आप्पाचं नाव माझ्या ओठावर आलं असावं. कारण मी न विचारताच ते म्हणाले, "ह्या तारेला एसटी चुकायची न्हाई, बाई."

मी मागच्या दारानं त्यांच्या घरात गेले. नसीम बाळाला निजवून ताट वाढून घेत होती. मी तिच्यासमोर बसले. काय बोलले ते मला आठवत नाही. बाळाच्या दातांबद्दल काहीतरी. समोरच्या खिडकीतून गाडीचं उघडं दार दिसत होतं. मास्तर नेहमीसारखे भाभींच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. हात मात्र प्लगाशी नव्हते. त्यांनी भाभींचा पदर डोक्यावर सारखा केला, आणि वाकवून वाकवून वेडावाकडा झालेला तो आकडा दोन्ही हातांनी सरळ करायला लागले. तो सरळ होईना. मग तसाच केसांत खोचला.

"अब्बा आले वाटतं," नसीम म्हणाली. "गाडी चालूच ठेवलीया. बोलवा की त्यांना जेवायला."

"येतील," मी म्हणाले. "तू जेव आधी." आणि तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.